खाणीतून मैदानात : धेंपो क्लबाची वाटचाल

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या खालच्या अंगाला कोळशाच्या खाणींचा एक पट्टा होता. मॅट बझ्बी, बिल शँक्ली आणि जॉक स्टीन हे तिघे त्याच पट्ट्यातले. तिघेही पोरवयात खाणीत उतरले, तिघेही फुटबॉल खेळून वर आले आणि खेळणं संपल्यावर तिघेही मॅनेजर झाले. संघात कोण खेळणार, कोणाला विकत घ्यायचं, कोणाला घरी बसवायचं हे ज्याच्या हातात असतं आणि हरल्यावर पहिली नोकरी ज्याची जाते, तो फुटबॉलचा मॅनेजर. बझ्बीने मँचेस्टर युनायटेड घडवलं, शँक्लीने लिव्हरपूल.

स्टीनची कारकीर्द मला या तिघांत जास्त बोलकी वाटते. पंचविशी उलटून गेली तरी हा माणूस दिवसा कोळसा खणत होता आणि शनिवारी सामना खेळत होता. पुढे तो सेल्टिकचा कप्तान झाला. घोट्याच्या दुखापतीने खेळ सुटला, तेव्हा क्लबाने त्याच्याकडे राखीव संघाची पोरं सोपवली. डनफर्मलिन आणि हिबर्नियन असं फिरून १९६५ मध्ये तो मॅनेजर म्हणून सेल्टिकला परतला आणि २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ असं हरवून युरोपियन कप घेऊन आला. त्या दिवशीचे अकराच्या अकरा खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. राहुरी मध्यावर धरून तेवढं वर्तुळ काढलं तर नगर, श्रीरामपूर, नेवासा आत येतात आणि संगमनेर काठावर राहतं. एवढ्याशा मुलखातल्या पोरांनी युरोप जिंकला.

आपल्याकडेही खाणीतून आलेला फुटबॉल आहे, फक्त उलट्या दिशेने. तिकडे खाणीतला मजूर मॅनेजर झाला, इकडे गोव्यात खाणीच्या मालकाने क्लब काढला. त्यातल्या एका क्लबाची, धेंपो स्पोर्ट्स क्लबची, वाटचाल इथे सांगायची आहे. राहुरीत बसून गोव्याच्या फुटबॉलवर कशाला लिहायचं, असं कोणी विचारेल. आमच्याकडे कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान गोलंदाजी संपवून मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनात गेला, ते आम्ही कौतुकाने वाचलं. फुटबॉलचं मात्र कोणाला फारसं सोयरसुतक नाही. पण कारखान्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्था कशा वाढतात आणि कशा डगमगतात, हे साखरपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. धेंपोची गोष्ट त्याच जातीची आहे, फक्त उसाच्या जागी लोहखनिज.

गोव्यात फुटबॉल आला तो एका पाद्र्याबरोबर. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोलीत तो खेळ आणला, असं मानलं जातं. चर्चसमोरच्या पटांगणात आणि भात कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत तो रुजला. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ ची, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतलीच. पैसा आला तो मात्र खाणींतून. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून निघालेलं खनिज बार्जेसमध्ये भरायचं, मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरापर्यंत न्यायचं आणि तिथून परदेशी जहाजात चढवायचं, असा हा धंदा. यातून जी घराणी मोठी झाली, त्यांनी महाविद्यालयं काढली, वर्तमानपत्रं काढली आणि फुटबॉलचे क्लब काढले. साळगावकरांचा क्लब १९५६ चा. सेसा गोवा कंपनीचाही संघ होता. धेंपोंचा १९६८ चा.

धेंपो हे नाव मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. पणजीचं ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक याच घराण्याचं आणि मिरामारच्या समुद्राकाठी धेंपे महाविद्यालय आहे तेही त्यांचंच. वसंतराव धेंपो हे या उद्योगाचे कर्ते पुरुष. हौस म्हणून क्लब काढणारे उद्योगपती देशात पुष्कळ झाले. ती हौस पन्नास-पंचावन्न वर्षं आणि तीन पिढ्या टिकवणारे फार थोडे.

क्लबाला देशात ओळख मिळाली ती मुंबईत. कूपरेजच्या मैदानावर होणारी रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा तेव्हा देशातल्या मोठ्या तीन-चार स्पर्धांपैकी एक होती. तिच्यावर कलकत्त्याच्या क्लबांचा वरचष्मा असे. धेंपोने हा कप १९७४ मध्ये घेतला, मग १९७८ आणि १९७९ असा लागोपाठ दोनदा आणि पुन्हा १९८६ मध्ये. कूपरेजपासून धोबी तलाव लांब नाही, आणि धोबी तलावाला गोवेकरांच्या गावागावांचे कूड होते. बोटीवर नोकरी लागेपर्यंत किंवा सुट्टी संपेपर्यंत माणसं तिथे मुक्काम करत. मुंबईत गोव्याचा संघ जिंकणं हा त्यांच्या घरचाच समारंभ.

पुढच्या दहा-बारा वर्षांत सांगण्यासारखं थोडं आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. गोव्यात ती पहिल्यांदा आणली साळगावकरने, १९९८-९९ च्या मोसमात. धेंपोचं नाव तेव्हा विजेत्यांत नव्हतं.

२००० मध्ये क्लबाने आर्मांदो कुलासो यांना प्रशिक्षक नेमलं, आणि या वाटचालीचा खरा भाग इथून सुरू होतो.

भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची म्हणजे एस.टी.तली उभ्याची जागा. कलकत्त्यात दोन सामने हरले की प्रेक्षक दगड उचलायचे आणि पदाधिकारी राजीनामा मागायचे. तसल्या हवेत कुलासो एका क्लबात सलग तेरा वर्षं राहिले. त्यांचं श्रेय त्यांना आहेच, पण मालकांचंही यात मोठं श्रेय आहे आणि ते सहसा कोणी देत नाही. श्रीनिवास धेंपो यांनी मधल्या वाईट मोसमांत त्यांना काढलं नाही. कुलासोंचा संघ जमिनीवरून, छोट्या छोट्या पासांनी खेळायचा. उंच चेंडू उडवून मागे धावायचा खेळ त्यांना नको होता. संघाचा गाभा गोव्याचा होता : बचावात समीर नाईक आणि महेश गवळी, मध्यात क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बाजूला क्लिफर्ड मिरांडा. ही पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळली. अख्खा गोवा आमच्या नगर जिल्ह्यात चारदा मावून वर जागा उरेल, एवढा लहान. सेल्टिकच्या त्या तीस मैलांची आठवण इथे येते ती यामुळे.

अर्थात या आठवणीत वाहून जाण्यात अर्थ नाही. गोल करणारे बाहेरचे होते. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आठ मोसम धेंपोकडे खेळला आणि २०११-१२ च्या आय-लीगमध्ये एकट्याने ३२ गोल केले. त्याला चेंडू पुरवायला ब्राझीलचा बेटो होता. हे दोघे नसते तर गोव्याच्या पोरांचे ते सुंदर पास गोलजाळ्याच्या अलीकडेच फिरत राहिले असते. धेंपोचं शहाणपण एवढंच की ही दोन माणसं त्यांनी दर वर्षी बदलली नाहीत.

त्याआधी आणखी एक ब्राझीलचा खेळाडू होता. क्रिस्टियानो ज्युनियर. आदल्या मोसमात ईस्ट बंगालकडून खेळून तो लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. धेंपोने त्याला गोव्यात आणलं. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. पहिला गोल क्रिस्टियानोनेच केला. ७८ व्या मिनिटाला तो पुन्हा एकटा गोलरक्षकासमोर पोहोचला. गोलरक्षक पुढे आला, क्रिस्टियानोने चेंडू मारला आणि दोघांची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला, पण क्रिस्टियानो पडला तो उठलाच नाही. सहकारी त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास देत होते. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर नंतर देशभर टीका झाली, आणि ती योग्य होती. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सामना धेंपोने २-० असा जिंकला. क्लबाचा तो पहिला फेडरेशन कप, आणि त्यातले दोन्ही गोल गेलेल्या माणसाचे. दहा नंबरची जर्सी क्लबाने पुढे कोणाला दिली नाही.

त्यानंतर काही आठवड्यांतच लीग सुरू झाली. असल्या धक्क्यानंतर संघ कोसळला असता तर कोणी बोल लावला नसता. पण मे २००५ मध्ये धेंपो राष्ट्रीय लीगचे विजेते झाले, आणि दुसरा क्रमांकही गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लबचा होता. कुलासोंच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं असं कोणी विचारलं, तर पाच विजेतेपदांपैकी मी या पहिल्याकडे बोट दाखवीन.

त्याच्या पुढच्या वर्षी लीग मुंबईच्या महिंद्र युनायटेडने घेतली. पण तिथेही प्रशिक्षक गोव्याचाच, डेरिक परेरा. साळगावकर आणि महिंद्र या दोन्ही संघांकडून खेळलेला हा बचावपटू पुढे पुणे एफ.सी.चा प्रशिक्षक झाला आणि बालेवाडीतल्या त्या नव्या संघाला त्याने २००९-१० मध्ये तिसऱ्या आणि २०१२-१३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. महाराष्ट्रात व्यावसायिक फुटबॉलचं जे काही बरं घडलं, त्यात या शांत गोवेकराचा वाटा मोठा आहे. महिंद्रने २०१० मध्ये क्लब बंद केला, पुणे एफ.सी. २०१५ मध्ये संपला. कंपनीचा क्लब कंपनीच्या एका बैठकीत संपतो. तिथे ना सभासद, ना सर्वसाधारण सभा, ना कोणी मोर्चा काढणारा.

धेंपोकडे परत येऊ. २००६ मध्ये ड्युरँड कप. २००६-०७ मध्ये पुन्हा राष्ट्रीय लीग, त्या नावाची ती शेवटची. पुढच्या मोसमापासून तिचं नाव आय-लीग झालं आणि पहिल्या आय-लीगमध्ये धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांचे गुण सारखे झाले, दोघांचे ३६. विजेतेपद धेंपोला मिळालं. २००९-१० आणि २०११-१२ मध्ये आणखी दोन. २००६-०७ ते २०१२-१३ या सात मोसमांत देशाचं विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेलं नाही : चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. बंगालच्या क्लबांकडे प्रेक्षक लाखाने, वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूची, इतिहास शंभर वर्षांचा. आणि ही सत्ता पंधरा लाख लोकवस्तीच्या राज्याकडे.

२००८ मध्ये धेंपो ए.एफ.सी. कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. आशियातल्या स्पर्धेत भारतीय क्लब फारसे पुढे जात नसण्याच्या काळातली ही गोष्ट. ३० मे २०११ रोजी त्यांनी मुंबईच्या एअर इंडियाला १४-० असं हरवलं. हा आकडा आय-लीगच्या इतिहासात सगळ्यात मोठा असला तरी मला तो फारसा अभिमानाचा वाटत नाही. लीगमधल्या तळाच्या आणि वरच्या क्लबांत पैशाचं अंतर किती पडलं होतं, हे त्यातून कळतं, एवढंच.

त्याच वर्षी बॉब हॉटन यांनी भारतीय संघ सोडला आणि कुलासोंना राष्ट्रीय प्रशिक्षक नेमण्यात आलं. विश्वचषक पात्रतेत संयुक्त अरब अमिरातीशी गाठ पडली. अल ऐनला आपल्या दोघांना लाल कार्ड मिळालं आणि ०-३ अशी हार झाली. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर २-२ बरोबरी. क्लबात तेरा वर्षं मिळालेल्या माणसाला देशाच्या संघात तेरा महिनेही मिळाले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या जागी साव्हियो मेदेरा आले. तेही गोव्याचे आणि साळगावकरचे जुने कप्तान. त्यांच्यानंतर भारताला भारतीय प्रशिक्षक मिळायला २०२५ उजाडलं. ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. ते खेळले होते मुंबईत, महिंद्र आणि एअर इंडियाकडून. म्हणजे ज्या दोन क्लबांचं नाव आज कोणी काढत नाही, त्यांच्या पोटातून देशाचा प्रशिक्षक निघाला.

आता पैशाचं. खाण कंपनी धेंपोंनी २००९ मध्ये सेसा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकली. तेव्हा गोव्यात अनेकांना नवल वाटलं होतं. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, आधी राज्य सरकारच्या आदेशाने, मग सर्वोच्च न्यायालयाच्या. २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. बार्जेस नदीकाठाला गंजत उभ्या राहिल्या. ज्यांचा सगळा डोलारा खनिजावर होता, त्यांची गोची झाली. धेंपो उद्योग तोवर जहाजबांधणी, बांधकाम, वृत्तपत्रं अशा इतर गोष्टींवर सावरला होता, त्यामुळे क्लब खाणीबरोबर बुडाला नाही. आमच्याकडे एखाद्या कारखान्याचं गाळप बंद पडलं की त्याच्या आधाराने चाललेल्या शाळेपासून कुस्तीच्या फडापर्यंत सगळ्यांना त्याची झळ लागते. धेंपोच्या क्लबाला ती झळ वेगळ्या दिशेने लागली.

२०१३ मध्ये कुलासो क्लबातून बाहेर पडले आणि ईस्ट बंगालला गेले. तिथे पहिल्याच मोसमात त्यांनी संघाला आय-लीगच्या दुसऱ्या स्थानावर आणलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांची गच्छंती झाली. धेंपोने परदेशी प्रशिक्षक आणून पाहिले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. सिनेमातले तारे, दूरदर्शन संचावरची झगमग, फ्रँचायझीचा व्यवहार. एफ.सी. गोवा या नव्या संघाच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर दोघेही होते, आणि प्रशिक्षक म्हणून साक्षात झिको फातोर्ड्याला आले. मालक नव्या घरात आणि जुनं घर वाऱ्यावर, असं मी म्हणणार नाही, पण २०१४-१५ मध्ये पाच वेळचे विजेते धेंपो आय-लीगमधून खाली घसरले, हे खरं.

त्यांनी लगेच द्वितीय श्रेणी जिंकली आणि वर येण्याचा हक्क मिळवला. तो वापरला मात्र नाही. फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला देशाची अव्वल स्पर्धा करायचं आणि आय-लीगला खाली ढकलायचं ठरवलं होतं. सुपर लीगमध्ये जायचं तर खेळ दाखवून जाता येत नव्हतं, पैसे भरून जावं लागत होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग अशा गोव्याच्या तीन क्लबांनी एकत्र निषेध करून आय-लीग सोडली. हे पाऊल शहाणपणाचं होतं का, यावर गोव्यात आजही दोन मतं आहेत. मुद्दा त्यांचा बरोबर होता, असं मला वाटतं. किंमत मात्र वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी मोजली. त्यांना राज्याच्या लीगपलीकडे सामनाच उरला नाही.

त्या काळात क्लब राज्याच्या लीगपुरता आणि पोरं तयार करण्यापुरता उरला. त्याची धुरा आली समीर नाईककडे. खेळाडू म्हणून जवळपास सगळी कारकीर्द या एका क्लबात घालवलेला बचावपटू त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. संघ बराचसा गोव्याच्या तरुण पोरांचा. २०२३-२४ मध्ये त्यांनी खालच्या श्रेणीतून एकाच वर्षात दोन पायऱ्या चढल्या, आय-लीग तीनमधून दोनमध्ये आणि दोनमधून वर. २०२४-२५ मध्ये, दहा वर्षांनी, धेंपोचं नाव आय-लीगच्या तक्त्यात पुन्हा दिसलं. तेव्हा आय-लीग देशाची दुसरी श्रेणी झालेली होती. त्या मोसमाचं विजेतेपद मैदानावर ठरलंच नाही. चर्चिल आणि इंटर काशी यांचा वाद स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेला आणि जुलै २०२५ मध्ये चषक काशीकडे गेला.

कुलासोंच्या संघातला क्लिफर्ड मिरांडा २५ एप्रिल २०२३ रोजी कोळिकोडला ओडिशा एफ.सी.चा प्रशिक्षक म्हणून बंगळूरला हरवून सुपर कप घेऊन आला. महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेला. समीर धेंपोतच राहिला. हाताखालच्या माणसांनी पुढे धुरा उचलणं, हे स्टीनच्या बाबतीतही झालं होतं. १० सप्टेंबर १९८५ ला, स्कॉटलंडचा मॅनेजर असताना, कार्डिफच्या मैदानावर सामना संपता संपता तो कोसळला आणि गेला, तेव्हा त्याच्या बाजूला सहायक म्हणून ग्लासगोचा अॅलेक्स फर्ग्युसन बसला होता. पुढच्या विश्वचषकाला संघ त्यानेच नेला आणि नंतर मँचेस्टरला सत्तावीस मोसम काढले. फर्ग्युसनच्या अॅबरडीन संघातले अॅलेक्स मॅक्लीश आणि गॉर्डन स्ट्रॅकन हे दोघेही पुढे स्कॉटलंडचे प्रशिक्षक झाले.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आर्मांदो कुलासो यांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार दिला. शेवटची लीग जिंकून तेव्हा त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती.